अनुच्छेद ५१क, मुक्काम बोरीवली

बालभारतीच्या अलीकडच्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांत पहिल्या धड्याच्या आधी नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांची यादी छापलेली असते. संविधानाचा भाग ४क, अनुच्छेद ५१क. मुलं ती न वाचताच पान उलटतात आणि पालकही. तिच्यातलं (छ) हे कर्तव्य वनं, सरोवरं, नद्या आणि वन्यजीव यांचं रक्षण करायला व प्राणिमात्रांविषयी दया बाळगायला सांगतं. बोरीवलीकराला यातलं काहीच लांब शोधायला जावं लागत नाही. स्टेशनाच्या पूर्वेला रिक्षा केली की जंगल, जंगलात तुळशी तलाव, तिथून निघून वस्त्यांमधून खाडीकडे जाणारी दहिसर नदी, आणि रात्री कुंपणाशी येणारे बिबटे.

१९५० च्या संविधानात ही यादी नव्हती. आणीबाणीत, १९७६ साली, सरदार स्वर्णसिंग समितीने आठ कर्तव्यं सुचवली. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने दहा घातली आणि ती ३ जानेवारी १९७७ पासून लागू झाली. कर भरणं हेही कर्तव्य असावं आणि कर्तव्य मोडणाऱ्याला शिक्षेची तरतूद असावी, असं समितीचं म्हणणं होतं; ते दोन्ही गळालं. जनता राजवटीत बेचाळिसाव्या दुरुस्तीतलं बरंच काही काढून टाकलं गेलं, पण या यादीला कुणी हात लावला नाही. २००२ साली मुलांच्या शिक्षणाचं अकरावं कर्तव्य आलं. हक्क गोठवलेल्या काळात सरकारला नागरिकांच्या कर्तव्यांची आठवण झाली, हा योगायोग नव्हे. आणि बोरीवलीच्या त्या जंगलाला, म्हणजे पूर्वीच्या बोरीवली राष्ट्रीय उद्यानाला, पुढे नाव मिळालं ते संजय गांधींचं. आणीबाणीतल्या दिल्लीच्या पाडापाडीशी हेच नाव जोडलेलं आहे. बोरीवलीकर ‘नॅशनल पार्क’ म्हणून त्यातून सुटका करून घेतात.

पाडापाडी मात्र इथेही आली, आणि ती न्यायालयाच्या आदेशाने. १९९५ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. उद्यानाच्या सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या हद्दीत झोपड्या वाढत होत्या आणि वनखातं बघत बसलं होतं. ७ मे १९९७ च्या आदेशाने अतिक्रमणं हटवायला सांगितलं. १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत नाव असणाऱ्यांनाच पुनर्वसन, तेही ७,००० रुपये भरून. बाकीच्यांना काहीच नाही. पुढच्या काही वर्षांत दहिसरपासून मालाडपर्यंतच्या कडेने हजारो झोपड्या पडल्या. निवारा हक्क सुरक्षा समितीने रस्त्यावर आणि कोर्टात झुंज दिली, तेव्हा कुठे चांदिवलीत ‘संघर्षनगर’ उभं राहिलं. नावातच सगळा इतिहास आहे.

याचिका करणाऱ्यांनी (छ) कर्तव्य अक्षरशः बजावलं, आणि ते नसते तर आज जंगल किती उरलं असतं, याची मला शंका आहे. पण अनुच्छेदाची सुरुवात ‘प्रत्येक नागरिकाचे’ अशी आहे, आणि झोपडीतला माणूसही त्या प्रत्येकात येतो. त्याने जंगल तोडलं असेल. त्याला तिथे जागा विकणारा, वीज देणारा आणि मतं मागायला येणारा कोण होता, हेही विचारायला हवं होतं.

शेजारचाच दुसरा खटला याच्याशेजारी ठेवून पाहावा. १९५० च्या दशकात सरकारने काही खासगी जमिनींबाबत वनकायद्याखाली नोटिसा काढल्या होत्या. १९७५ च्या महाराष्ट्र खासगी वन कायद्याचा आधार घेऊन पुढे या जमिनी वनं ठरवल्या गेल्या. तोवर मुलुंडसारख्या उपनगरांत त्यांवर टॉवर उभे होते. २००८ मध्ये उच्च न्यायालय सरकारच्या बाजूने गेलं आणि फ्लॅटधारकांच्या तोंडचं पाणी पळालं. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला: नोटिसांवर दशकानुदशकं पुढे काहीच झालं नव्हतं, आणि परवानग्या बघून प्रामाणिकपणे घर घेणाऱ्यांचा दोष काय? मला हा निकाल योग्य वाटतो. पण सरकारच्या झोपेचा फायदा ज्याच्याकडे परवानगीचा कागद आहे त्यालाच का मिळावा, हा प्रश्न उरतोच. जर्मनीच्या राज्यघटनेत मालमत्तेबरोबर जबाबदारी येते असं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या यादीत मालमत्तेचा उल्लेख आहे तो फक्त सार्वजनिक.

२००१ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’च्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की राज्य म्हणजे सगळे नागरिक मिळून, त्यामुळे नागरिकांची कर्तव्यं ही राज्याचीही आहेत. पर्यावरण रक्षणाचा अनुच्छेद ४८क राज्यासाठी त्याच बेचाळिसाव्या दुरुस्तीत आला होता, पण कर्तव्यांच्या भाषणांत तो कुणी उच्चारत नाही.

नागरिक आणि राज्य यांच्यातली कर्तव्यांची ही विभागणी एकदा नीट झाली, ती बिबट्यामुळे. २००४ च्या सुमारास उद्यानाभोवती हल्ल्यांत अनेक माणसं मेली. पिंजरे लावून बिबटे धरायचे आणि दुसरीकडे सोडायचे, एवढंच तोवर सुचत होतं. २०११ मध्ये वनखात्याने संशोधक विद्या अत्रेय आणि स्वयंसेवकांना घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा उपक्रम सुरू केला. सांगणं साधं होतं: कचरा उघड्यावर टाकू नका. कचऱ्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या. रात्री मुलांना एकटं सोडू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करू नका. पण कचरा उचलायचा महापालिकेने, गस्त घालायची वनखात्याने, आणि बातमी तारतम्याने द्यायची वर्तमानपत्रांनी. २०१५ च्या कॅमेरा-सापळ्यांच्या अभ्यासात उद्यान आणि आरे परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले. जंगलातल्या पाड्यांवरच्या वारली आदिवासींना यात नवीन काही नव्हतं. ते वाघोबाला देव मानून कैक पिढ्या शेजारी राहत आले आहेत.

आता जंगलाखालून रस्ता जाणार आहे. ठाणे–बोरीवली जोडबोगद्याचं, सुमारे ११.८ किलोमीटरच्या प्रकल्पाचं, भूमिपूजन १३ जुलै २०२४ रोजी झालं. रस्ता भूमिगत असल्याने वरच्या झाडांना धक्का लागणार नाही, असा सरकारचा दावा आहे. घोडबंदरच्या वाहतुकीत रोज अडकणाऱ्याला तो पटेलही. मागाठाण्यात बोगद्याचं तोंड जिथे उघडतं तिथली घरं हटवण्याचं काम प्रकल्पासाठी हाती घेतलं गेलं. १९९७ च्या आदेशाने पात्र ठरलेल्या, ७,००० रुपये भरलेल्या अनेक कुटुंबांना मात्र अजून घर मिळालेलं नाही.