विश्लेषण : ताप गेला, पण मलेरिया गेला का?

‘जूनमध्ये मलेरिया झाला होता, बराही झाला. मग आता परत कसा?’ अंधेरी असो वा मुलुंड, पावसाळ्यात दवाखान्यांत हा प्रश्न हमखास ऐकू येतो. घरच्यांचा पहिला संशय डासांवर जातो आणि तो दरवेळी चुकीचा असतो असेही नाही. पण अनेकदा नव्याने डास चावलेलाच नसतो. जुनाच परजीवी यकृतात झोपून राहिलेला असतो आणि घरातल्या औषधांच्या डब्यात गोळ्यांची अर्धी स्ट्रिप पडून असते.

परजीवी शरीरात शिरतो कसा?

मलेरियाचा परजीवी म्हणजे प्लाझमोडियम. मुंबईत त्याचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात, व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. ॲनोफिलिस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून हे सूक्ष्म जीव रक्तात उतरतात आणि थोड्याच वेळात यकृत गाठतात. तिथे एकेका जीवापासून हजारो नवे जीव तयार होतात. साधारण दोन आठवडे रुग्णाला कसलाही त्रास जाणवत नाही. त्यानंतर ही फौज रक्तात येते आणि तांबड्या पेशींमध्ये घुसते.

पेशीतले हिमोग्लोबिन खाऊन परजीवी वाढतो आणि सुमारे ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. हुडहुडी भरते ती याच वेळी. ताप थेट परजीवी आणत नाही. फुटलेल्या पेशींतला कचरा रक्तात येताच आपली प्रतिकारशक्ती जी रसायने सोडते, त्यांनी अंग तापते. प्लीहा बाधित पेशी गाळून काढायचा प्रयत्न करते, म्हणून ती सुजते. फाल्सिपेरम इथे आणखी एक चाल खेळतो. तो बाधित पेशींना बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटवून ठेवतो, म्हणजे त्या प्लीहेपर्यंत जातच नाहीत. शिवाय पेशीवरचे प्रथिन तो सतत बदलतो. त्यासाठी त्याच्याकडे सुमारे ६० जनुके आहेत. शरीर एक चेहरा ओळखायला शिकते, तोवर दुसरा चेहरा हजर! मेंदूचा मलेरिया होतो तो याच चिकटण्यामुळे. गोवरासारखी ‘एकदा झाला की आयुष्यभर सुटका’ मलेरियात नाही, त्याचे हे एक कारण.

मग उलटतो तो कुठला?

व्हायवॅक्स. त्याचे काही जीव यकृतातच सुप्तावस्थेत जातात. रक्ततपासणीत ते दिसत नाहीत, प्रतिकारशक्तीच्याही सहसा नजरेत येत नाहीत. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते जागे होतात आणि ताप उलटतो.

क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्या रक्तातला परजीवी मारतात. ताप उतरतो, रुग्ण लोकल पकडून कामावर जातो. यकृतातल्या सुप्त जीवांना मात्र क्लोरोक्विन काहीच करत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन लागते, रोज एक वेळ, सलग १४ दिवस. पूर्वी आपल्याकडे हा कोर्स पाचच दिवसांचा होता. मुंबईतल्याच केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात पाच आणि १४ दिवसांच्या कोर्सची तुलना केली, तेव्हा पाच दिवसांच्या गोळ्यांनी ताप उलटणे थांबत नसल्याचे दिसले. आता १४ दिवसांचाच कोर्स दिला जातो. अडचण अशी, की चौथ्या दिवशी ठणठणीत वाटणाऱ्या माणसाला उरलेले दिवस गोळ्या घेणे नकोसे होते.

गोळी जेवणानंतर घ्यावी, नाहीतर पोटात दुखते. गर्भवती आणि तान्ह्या बाळांना ती देत नाहीत. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. त्यामुळे कोर्स चालू असताना लघवी गडद चहासारखी झाली, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठावा. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या खाण्याचा प्रकार यासाठीच धोक्याचा.

डास येतो कुठून?

शहरात हे काम ॲनोफिलिस स्टीफेन्सी करतो आणि त्याला गटार नव्हे, स्वच्छ साचलेले पाणी लागते. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील मलेरियाची पाहणी करून विहिरींकडे बोट दाखवले होते. आज विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी आणि बांधकामावरच्या पाण्याने घेतली आहे. घाटकोपर ते बोरिवली, पुनर्विकासाचे काम सुरू नाही अशी गल्ली शोधावी लागते. लिफ्टच्या खड्ड्यात आणि स्लॅबवर साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. २०१० मध्ये शहरात ७६ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, तेव्हाही बांधकामाच्या जागांची चर्चा झाली होती.

सोसायटीत टाकीचे झाकण घट्ट बसते का, हे कोणी तरी वर चढून पाहावे लागते. बहुतेक ठिकाणी सेक्रेटरी वॉचमनला सांगतो आणि वॉचमन प्लंबरला.

ताप पुन्हा आला तर जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या आणू नयेत. रक्त पुन्हा तपासावे, कारण या वेळचा मलेरिया फाल्सिपेरमही असू शकतो आणि त्याची औषधे वेगळी आहेत. पालिकेच्या दवाखान्यांत ही तपासणी होते. जाताना मागचा रिपोर्ट सोबत ठेवावा आणि प्रायमाक्विन नेमके किती दिवस घेतले, ते डॉक्टरांना खरे सांगावे.