विषय कोणी ठरवायचा?

मे १९५४. भंडाऱ्याचे ऊन ज्यांनी सोसले आहे त्यांनाच ते निवडणुकीचे दिवस कळतील. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते. मतदारसंघ एक, जागा दोन. सर्वसाधारण जागा अशोक मेहतांनी जिंकली, राखीव जागा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडे गेली आणि बाबासाहेब हरले. भंडाऱ्यात त्यांचे नाव निघाले की हा पराभव आठवतो. मला त्यासोबत त्यांचा एक ग्रंथ आठवतो, कारण भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातला पैसा कुठे जात होता ते त्यातून कळते.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली केलेल्या अभ्यासातून ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा तो ग्रंथ १९२५ साली आला. अर्पण केला सयाजीरावांनाच. विषय रुक्ष वाटेल, पण भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या धानाच्या बांधीवरून पाहा. शेतकऱ्याने भरलेला शेतसारा हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीत जायचा आणि शाळेच्या खर्चासाठीही प्रांताला तिकडेच हात पसरावे लागायचे. १८७० साली लॉर्ड मेयोने पोलीस, तुरुंग, शिक्षण, दवाखाने, रस्ते ही खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे सोपवली. १८७७ पासून काही महसूल तोडून दिले, १८८२ पासून ते वाटून घेतले. वरून ही उदारता दिसते. बाबासाहेबांनी तिचे मूळ सत्तावन्नच्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीत शोधले. प्रांतांना स्वतःचा खजिना मिळालाच नव्हता, सरकारचाच खर्च त्यांच्या हातून होत होता, हे त्यांनी कागदोपत्री दाखवले.

सरकारी हिशेबाची अशी झाडाझडती रानडे, गोखले इथे राहूनच घेत होते. मग कोलंबियाचे मोल काय? ज्या मुलाला शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले, संस्कृत शिकू दिले गेले नाही, त्याला तिथे कोणत्याही वर्गात, कोणत्याही बाकावर बसता आले. हवा तो विषय घेता आला. माझ्या लेखी पदवीहून ही गोष्ट मोठी आहे.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. २९ ऑक्टोबरला त्यांनी लॉर्ड लिनलिथगोंना अनुसूचित जातींच्या तक्रारींचे निवेदन दिले. देशातल्या शिक्षणासाठी वर्षाला दोन लाख, परदेशातल्या शिक्षणासाठी एक लाख रुपये द्या, ही त्यातली मागणी. दोन्ही रकमा विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी. कला आणि कायद्याच्या पदव्यांचा आपल्या समाजाला फारसा उपयोग नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेल्या माणसाने हे लिहावे, याचा मी बराच विचार केला. मला वाटते, महागडे शिक्षण गरिबाला स्वबळावर कधीच झेपणार नाही, म्हणून सरकारकडून तेच आधी पदरात पाडून घ्यायचे होते. सरकारनेही या मागणीसाठी पैसे मंजूर केले आणि मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली.

स्वतंत्र भारत सरकारची, अनुसूचित जाती आदींसाठीची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची, म्हणजे भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीच्याच वर्षातली. तिच्यासाठी अर्ज करणाऱ्या लाखांदूर-पवनीच्या मुलीला २०२२ च्या नियमावलीत एक नवी अट दिसली: भारताची संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावर आधारित सामाजिक अभ्यास हा विषय असल्यास शिष्यवृत्ती नाही. कारण असे सांगण्यात आले की, या विषयांची साधने आणि तज्ज्ञ देशातच आहेत. मी ती अट त्या जुन्या ग्रंथाच्या मुखपृष्ठाशेजारी ठेवून वाचली. १८३३ पासूनच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा इतिहास हा विषय घेऊन आज कोणी कोलंबियाला निघाले, तर त्याचा अर्ज पहिल्याच छाननीत बाजूला पडेल.