कुटुंबप्रमुखाची शॅम्पेन

दारूबंदी कायद्यात ४०-ब असं एक कलम आहे. घरात अवचित कुणाची तब्येत बिघडली तर औषध म्हणून हाताशी असावी, यासाठी कुटुंबप्रमुखाला ब्रँडी, रम किंवा शॅम्पेन बाळगण्याचा परवाना देता येतो, असं ते सांगतं. ब्रँडीचं समजू शकतं. थंडी भरलेल्या माणसाला चमचाभर पाजायची रीत सोवळ्या घरांतही होती. रमही एक वेळ चालेल. पण शॅम्पेन? एकोणिसाव्या शतकात युरोपातले डॉक्टर मळमळीवर ती लिहून देत, तोच संस्कार कलमाचा मसुदा करणाऱ्याच्या मनात असावा. 'कुटुंब' म्हणजे कोण, हेही कायदा सांगतो: एकत्र राहणारी, एका चुलीवर जेवणारी माणसं. म्हणजे घरचे सगळे आले. संध्याकाळी चप्पल दारात काढून थेट गच्चीवर जाणारा मित्र तेवढा राहिला.

या कायद्याचा नाद मला पाच रुपयांच्या चिठ्ठीमुळे लागला. महाराष्ट्रात विदेशी मद्य प्यायला आजही परवाना लागतो: एका दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात, जन्मभराचा हजारात. देशीचा एका दिवसाचा दोन रुपयांत. आणि परवाना कशासाठी? प्रकृतीच्या रक्षणासाठी. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या गच्च्यांवर शनिवारी रात्री जी मंडळी बसलेली असतात, ती कागदोपत्री प्रकृती सांभाळत असतात. वयाची अटही आहे. बिअर आणि वाइनला २१ वर्षं पूर्ण हवीत, बाकी कडक मद्याला २५. इथे १९१९ पासून विलिंग्डन कॉलेज आहे, १९४७ पासून इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे आताचं वालचंद. हिशेब केला तर वालचंदचा मुलगा शेवटच्या वर्षाला कुठे बिअरपर्यंत पोचतो. व्हिस्कीला पात्र होईपर्यंत तो पुण्यात नाहीतर बंगळुरात असतो. हिशेब कायद्याचा आहे, वसतिगृहाचा नव्हे.

गच्चीवर काय असतं, हे वाचकांना सांगायला नको. सतरंजी, स्टीलचे पेले, बर्फाचा डबा, आणि सांगली-जयसिंगपूरकडचं लसूण घातलेलं भडंग. भडंगाच्या तोडीचा चखणा मी तरी कुठे खाल्लेला नाही, आणि याबाबत मी वाद घालणार नाही. बाटलीवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा असतो. तो इंग्रजांच्या जुन्या 'प्रूफ' मोजणीतून आला. त्यांचं शंभर प्रूफ म्हणजे साधारण ५७ टक्के अल्कोहोल. आपलं सरकारी प्रमाण ठरलं त्याहून पंचवीस अंश खाली. ५७.१ चा पाऊण भाग काढा, ४२.८ येतात. साहेबाने ही मोजणी सोडून बरीच वर्षं झाली, आपण मात्र दशांशासकट सांभाळली आहे.

आत असतं ते बहुतेक वेळा ऊसच. साखर काढल्यावर उरलेल्या मळीतून, एका टनाला साधारण सव्वादोनशे ते अडीचशे लिटर स्पिरिट निघतं. त्यातलं शुद्ध केलेलं स्पिरिट, रंग, वास आणि थोडं माल्ट मिळून भारतातली बरीचशी स्वस्त व्हिस्की होते. युरोपीय संघ तिला व्हिस्की म्हणू देत नाही. तिथे धान्य हवं आणि लाकडी पिंपात किमान तीन वर्षं मुरणं हवं. आमच्याकडे या गोष्टीला घरचा वास आहे. मिरजेच्या पुढे हद्दीपलीकडे उगार खुर्दला साखर कारखाना आहे, त्याला जोडून आसवनी आहे, आणि त्या कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय सांगलीत. म्हणजे कार्यालय महाराष्ट्रात, मळी कर्नाटकात. ती बाटली गाडीत घालून परत मिरजेला आणायची म्हटली, की वाटेत अबकारीची राज्यहद्द लागते.

सांगली संस्थान १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं आणि पुढच्याच वर्षी हा दारूबंदीचा कायदा आला. बाळासाहेब खेरांचं सरकार, गृहमंत्री मोरारजी देसाई. ही कहाणी सर्वांना ठाऊक आहे. सर्वांना ठाऊक नसलेला माणूस म्हणजे फ्राम नसरवानजी बलसारा.

बलसारांनी ६ एप्रिल १९५० रोजी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातली मागणीची यादी वाचताना एखाद्या पारशी घरातलं कपाट उघडल्यासारखं वाटतं: व्हिस्की, ब्रँडी, रम, वाइन, बिअर, औषधी वाइन, ओ-द-कोलन, लव्हेंडर वॉटर. हे सगळं बाळगण्याचा, पिण्याचा, वापरण्याचा माझा हक्क आहे, सरकारने मध्ये येऊ नये, एवढं त्यांचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ ला निकाल दिला. न्यायमूर्ती फझल अली यांनी लिहिलेल्या त्या निकालात व्हिस्की गेली, ओ-द-कोलन वाचलं. दारूबंदी वैध ठरली, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी रद्द झाली. आणखी एक गोष्ट उडाली, जिच्याबद्दल मी बलसारांचा वैयक्तिक ऋणी आहे. मूळ कायद्यात मद्याची भलामण करणं हाही गुन्हा होता. न्यायालयाने ते भाषणस्वातंत्र्याविरुद्ध ठरवलं. त्याआधी भडंगावरचा वरचा परिच्छेद चालला असता, त्याच्या मागचा-पुढचा मजकूर संपादकांना अडचणीत आणता.

पण बलसारांच्या यादीतही बाळगणं, पिणं आणि वापरणं आहे. चार लोकांना बोलावून पाजण्याचा हक्क त्यांनीही मागितलेला दिसत नाही.

निकालाला चार दिवस झाले. २९ मे १९५१, रात्रीचे साडेनऊ. मुंबईत कफ परेडवरून एक जीप कुलाबा बस स्टँडकडे निघाली होती, तिच्या धक्क्याने तीन माणसं जखमी झाली. जीप चालवत होते बेहराम खुर्शीद पेसिकाका, आणि त्यांची नोकरी होती मुंबईच्या प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याची. लोकांना गाडी चालवायचा परवाना देणारा माणूस! तोंडाला वास येत होता. डॉक्टरने तपासलं आणि लिहिलं: डोळे लाल, बोलणं सुसंगत, सरळ रेषेत चालता येतं, कुठल्या तरी रूपात अल्कोहोल घेतलेलं आहे, पण अंमलाखाली आहेत असं दिसत नाही.

पेसिकाकांचा बचाव असा, की जेवणानंतर बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. त्यात सतरा टक्के अल्कोहोल. म्हणजे आपल्या वाइनपेक्षा जास्त, आणि चार दिवसांपूर्वीच्या बलसारा निकालामुळे पूर्णपणे कायदेशीर. मॅजिस्ट्रेटने सोडलं. सरकार अपिलात गेलं, उच्च न्यायालयाने महिन्याची सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड ठोठावला. मग सर्वोच्च न्यायालय. तिथे प्रश्न उरला तो इतकाच, की तोंडाला वास आला तर ती दारू होती हे सरकारने सिद्ध करायचं की औषध होतं हे आरोपीने? १९५४ मध्ये बहुमताने कौल लागला: सिद्ध करायचं ते सरकारने. न्यायमूर्ती सुधी रंजन दास यांचं मत वेगळं पडलं. पेसिकाका सुटले. सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांनी जाता जाता असंही म्हटलं, की मूलभूत हक्क हे काही एकट्या माणसाच्या सोयीसाठी दिलेले नाहीत, त्यामुळे ते त्याला सोडून देता येत नाहीत. कायद्याचे विद्यार्थी हे वाक्य आजही अभ्यासतात. त्यामागे जेवणानंतर घेतलेला टॉनिकचा घोट आहे, हे किती जणांच्या लक्षात राहतं कोण जाणे.

मला पेसिकाका आवडतात ते वेगळ्या कारणासाठी. कायद्याने माणसाला रोगी व्हायला सांगितलं, आणि हा गृहस्थ शपथेवर रोगी झाला. साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात परवाने सैल झाले. पुढे वाइन शॉप नाक्यानाक्यावर आली, पण त्या वेळची भाषा कागदावर तशीच राहिली. कायद्यात आजारी आहे, परदेशी आहे, बाहेरच्या राज्यातून आलेला प्रवासी आहे, क्लबाचा सभासद आहे, लष्करी मेसमधला अधिकारी आहे. मित्र नाही.

आपल्या वाङ्मयातही मित्राची अवस्था बरी नाही. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त मित्रमंडळींचं जे पिणं आहे ते आर्यमदिरा मंडळाचं, आणि त्याचा म्होरक्या तळीराम. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला रंगमंचावर आणलं. सुधाकर गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व. त्या सिंधूने मराठी मध्यमवर्गाच्या घरात दारूबद्दल जी धास्ती बसवली, ती कुठल्याही कलमाला जमली नाही. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी पहिला पेला उचलला तेव्हा डोळ्यांपुढे सुधाकर होता. गडकऱ्यांच्या प्रतिभेपुढे मी नतमस्तक आहे, पण दोन पेले घेऊन दहा वाजता भाकरी-पिठलं खायला खाली उतरणारा माणूस त्यांनी एकही रंगवला नाही, ही माझी तक्रार आहे.

बालगंधर्वांचं मूळ गाव नागठाणे, आज ते पलूस तालुक्यात येतं. आणि याच पलूसमध्ये, सिंधूच्या माहेरीच म्हणा ना, सरकारने वाइन पार्क काढला. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणात महाराष्ट्राने दोन वाइन पार्क ठरवले: नाशिककडे विंचूर, आमच्याकडे पलूस. विंचूरकडे धंदा वाढला. पलूसला ते भाग्य लाभलं नाही.

कारण उघड आहे. आमचं द्राक्ष खायचं आणि वाळवायचं. तासगावची बाग थॉम्पसनच्या कुळातली, बिनबियांची. तास-ए-गणेश ही जात या तालुक्यातच निपजली. साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा होतो आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. वाइनला लागतं ते लहान मण्याचं, जाड सालीचं, बियांचं फळ, जे बाजारात कुणी हातात धरणार नाही. वाइनरीने नेलं नाही तर ते बागेतच सडणार. बेदाण्याला निदान शीतगृह आहे. आमच्या शेतकऱ्याने हा हिशेब केला आणि तो बरोबर केला, असं माझं मत आहे.

या द्राक्षामागे एक घर आहे. श्रीपाद दाभोलकर, गणिताचे प्राध्यापक, यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून तासगावकडच्या बागायतदारांना आपापल्या बागेत प्रयोग करायला, नोंदी ठेवायला आणि त्या एकमेकांना सांगायला शिकवलं. त्यांचे धाकटे भाऊ नरेंद्र दाभोलकर. त्यांनी साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं, आणि एकतीस डिसेंबरला 'द दारूचा नव्हे, द दुधाचा' म्हणत चळवळीतली माणसं चौकात दूध वाटू लागली. एका भावामुळे द्राक्ष पिकलं, दुसऱ्याने पेला खाली ठेवायला सांगितलं. यात विरोध शोधणं सोपं आहे, पण मला तो दिसत नाही. थोरल्यांचा विषय द्राक्षाचा होता, मद्याचा नव्हे, आणि व्यसनमुक्ती केंद्रात येणारी माणसं नरेंद्ररावांनी जवळून पाहिली होती, आम्ही गच्चीवरच्यांनी नाही.

२७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं. विरोधकांनी 'मद्यराष्ट्र' म्हणून गदारोळ केला, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय कागदावरच राहिला. द्राक्ष बागायतदाराच्या नावाने तो घेतला गेला होता. तासगावच्या बागायतदाराचा त्यात फारसा संबंध नव्हता, हे कुणी बोललं नाही.

गच्चीवर हल्ली वाइन येते, ती नाशिकची. एकच सांगणं: रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी, हा सल्ला सोळा-अठरा अंशांच्या घरांतून आलेला आहे. सांगलीच्या मार्चमध्ये बाटली आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. सोबत भडंग नको, लसूण वाइनला गिळून टाकतो. तासगावचा बेदाणा आणि भाजके शेंगदाणे ठेवा.

वर्गणी काढून आणलेल्या बाटलीबद्दल मात्र मला अजून शंका आहे. कायद्यातला 'सार्वजनिक दारूगुत्ता' म्हणजे जागेच्या मालकाच्या नफ्यासाठी जिथे पिऊ दिलं जातं ती जागा. खर्च सारखा वाटून घेतला तर नफा कुणालाच नाही, इथवर ठीक. पण रिकाम्या बाटल्या यजमानाकडेच राहतात आणि भंगारवाला त्यांचे पैसे त्यालाच देतो. ते पैसे नफ्यात धरायचे की नाही, हे एखाद्या वकील मित्राने सांगावं. फी म्हणून भडंग देऊ.