नंबरात न आलेली हिरवळ

मराठीच्या प्राध्यापकाने गोल्फवर लेख लिहायला घेतला आहे, हे कळल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये बरीच हसाहस झाली. हसणाऱ्यांना मी दोष देत नाही. या खेळाशी माझा आजवरचा संबंध म्हणजे लहानपणी चेंबूरला नातेवाइकांकडे जाताना कुंपणाच्या फटीतून पाहिलेली हिरवळ, एवढाच. आपल्या मध्यमवर्गीय घरांत क्रिकेटवर तावातावाने भांडणे होतात, बुद्धिबळाचा पट मांडला जातो, कॅरमची सोंगटी कपाटाखाली जाते. पण गोल्फचा चेंडू सहसा घरात येत नाही. असे असूनही हा विषय माझ्या मानेवर बसला, आणि तोही इन्सुलीला, ऐन दिवाळीत.

इन्सुली हे आमचे गाव. सावंतवाडीहून बांद्याकडे निघाले की वाटेत लागते. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या गाड्या आमच्या घाटातून वळणे घेत सुसाट जातात. गाडीतल्या मंडळींचे डोळे गोव्याकडे लागलेले असतात, त्यामुळे खिडकीबाहेर इन्सुली नावाचे गाव येऊन गेले, हे त्यांना कळतही नाही. ‘पाहिलेच पाहिजे’ अशा स्थळांच्या कुठल्याही यादीत आमचे गाव नाही. आम्हांला त्याचे कधी वाईट वाटले नाही. पण गेल्या दिवाळीत पुण्याचा भाचा चार दिवस आला, आणि याद्या या प्रकाराकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो.

भाचा संगणकाच्या कंपनीत आहे. दोन-तीन वर्षांपासून त्याला गोल्फचा नाद लागला आहे. फराळ झाल्यावर खळ्यात खुर्ची टाकून तो मोबाइलवर काहीतरी वाचत बसला होता. एकाएकी म्हणाला, “मामा, हा शुद्ध अन्याय आहे!”

“काय झाले?”

“देशातल्या उत्तम गोल्फ मैदानांची यादी आली आहे. तीच दिल्ली, तेच कोलकाता, तेच गुरुग्राम, तेच बंगळूर. आम्ही खेळतो ते मैदान कुठेच नाही. तुम्ही एकदा तिथे येऊन बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.”

त्याने मैदानाचे चित्र दाखवले. काकी शेजारीच नारळ सोलत होती. तिनेही मान वळवून पाहिले आणि म्हणाली, “झिला, येवढां गवत, आनि गुरां खंय?”

आम्ही पोट धरून हसलो. मात्र काकीचा हा प्रश्न पुढे चार दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याच्याकडे मी शेवटी येतोच. तूर्त भाच्याच्या प्रश्नाकडे वळू. चांगली मैदाने यादीबाहेर का राहतात?

आधी एक गैरसमज दूर करतो. गोल्फ आपल्याकडे नवा नाही. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कोलकात्याचा, सन १८२९ मधला. त्यानंतर तेराच वर्षांनी, १८४२ साली, मुंबईत क्लब निघाला. लहानपणी मी कुंपणातून पाहिलेले चेंबूरचे मैदान बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे, १९२७ सालचे. नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान जुन्या नाशिककरांच्या तोंडी अजूनही ‘गोल्फ क्लब’च आहे. आता तिथे रणजीचे सामने होतात आणि सकाळी मंडळी फेऱ्या मारतात. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने गोल्फ खेळला, आणि त्याच स्पर्धेत बंगळूरच्या अदिती अशोकचे पदक थोडक्यात हुकून तिला चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले, हे पुष्कळांना आठवत असेल.

आता याद्यांविषयी. अमेरिकेतल्या ‘गोल्फ डायजेस्ट’ या मासिकाने १९६६ साली आपल्या देशातल्या दोनशे मैदानांची यादी छापली. आजच्या बहुतेक याद्यांची ही थोरली बहीण. गंमत अशी, की ती यादी ‘उत्तम’ मैदानांची नव्हतीच, ती होती सर्वांत ‘अवघड’ मैदानांची. जिथे खेळाडूची दमछाक जास्त, ते मैदान वरचे! पुढे निकष वाढले. फटक्यांना किती वाव आहे, रचनेत विविधता किती, मैदान लक्षात राहते का, दिसते कसे, राखले कसे, हे सारे आले. तरी जन्माच्या वेळचा तो संस्कार पुरता पुसला गेला नाही. शिवाय गुण देणारे परीक्षक बहुधा स्वतः पट्टीचे खेळाडू असतात. त्यांना जे सोपे वाटते, ते त्यांना सामान्य वाटते.

पंचवीस वर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटले तर नवल नाही. आमच्या विद्यार्थ्यांची एक ठाम श्रद्धा असते, की जितक्या पुरवण्या जास्त तितके गुण जास्त. खरे सांगायचे, तर ही श्रद्धा अगदीच निराधार नाही. साठाव्या उत्तरपत्रिकेनंतर डोळे थकतात, मग जाडी आणि अक्षर पाहून हात आपोआप वळतो. मोजक्या शब्दांत नेमके लिहिणारा मुलगा मागे पडतो. मैदानाच्या बाबतीत लांबी म्हणजे पुरवण्या. काही यार्ड वाढवले, की मैदान ‘भारदस्त’ होते.

दुसरे कारण अठरा या आकड्याचे. गोल्फमध्ये चेंडू ज्या भोकात घालायचा त्याला होल म्हणतात, आणि पुऱ्या मैदानात असे अठरा होल हवेत. हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज गावी पूर्वी बावीस होलांचा खेळ होई. १७६४ साली तिथल्या मंडळींनी काही होल एकत्र केले, तेव्हा अठरा उरले, आणि पुढे साऱ्या जगाने तेच मानले. आज नऊ होलांचे मैदान कितीही सुरेख असो, बहुतेक मोठ्या याद्यांत त्याचा विचारच होत नाही. आपल्या खारघरच्या डोंगराखाली सिडकोने मैदान उभारले, ते सुरुवातीला अकरा होलांचे होते. पावसाळ्यात समोरच्या कड्यावरून धबधबे कोसळताना दिसतात, आणि सार्वजनिक संस्थेने बांधलेले असल्यामुळे क्लबाचे सभासद नसलेल्यालाही पैसे भरून तिथे खेळता येते. पण अकराला यादीत जागा नाही. एकांकिका कितीही रंगली, तरी तीन अंकी नाटकाच्या स्पर्धेत तिला बक्षीस कोण देणार?

तिसरे कारण वाटेचे. परीक्षकाने मैदानावर जाऊन खेळले पाहिजे. तो जाणार विमानतळाजवळ, बऱ्या हॉटेलाजवळ, आणि जिथे दाराशी स्वागत होते तिथे. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला युनायटेड सर्व्हिसेस क्लबचे मैदान थेट समुद्राला लागून आहे. पण ते लष्करी हद्दीत. सहज म्हणून डोकावता येत नाही. देशात लष्कराची अशी कितीतरी मैदाने आहेत. न पाहिलेल्या मुलीला सुंदर कोण म्हणणार? यावर भाच्याने लगेच हरकत घेतली, “मग अमेरिकेतले ऑगस्टा? तेही बाहेरच्यांना बंद, आणि यादीत कायम वर!” हरकत बरोबर आहे. पण ऑगस्टाला १९३४ पासून मास्टर्स स्पर्धा होते आणि दर एप्रिलमध्ये ती जगभर घरोघरी दिसते. तिथे पाऊल न टाकताही ते सर्वांनी पाहिलेले असते. हे झाले चौथे कारण. मोठी स्पर्धा जिथे होते, ते मैदान आपोआप मोठे ठरते.

या सगळ्याचा नमुना पाहायचा, तर स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडचे डॉर्नॉक हे छोटे गाव पाहावे. तिथे गोल्फ खेळल्याची नोंद १६१६ सालची आहे, आणि क्लब १८७७ चा. समुद्रकाठच्या वाळूच्या उंचवट्यांवर वाऱ्याशी झुंजत खेळायचे हे मैदान जाणकारांना ठाऊक होते, पण आडबाजूला असल्यामुळे ब्रिटनची सर्वांत मोठी खुली स्पर्धा तिथे कधीच झाली नाही. १९६४ साली हर्बर्ट वॉरन विंड या अमेरिकन लेखकाने ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात डॉर्नॉकवर लांबलचक लेख लिहिला. त्यानंतर अमेरिकेतून मंडळी शोधत शोधत जाऊ लागली. १९८१ मध्ये टॉम वॉटसनसारखा विजेता खेळाडू तिथे खेळून तृप्त होऊन परतला. आज जगातल्या पहिल्या पंचवीस मैदानांत डॉर्नॉकचे नाव सहज येते. १९६४ च्या आधी आणि नंतर मैदान जवळपास तेच. वाळू तीच, वारा तोच. फरक पडला तो एका माणसाने तिथवर जाण्याचे कष्ट घेतल्याने.

येथवर सगळे गमतीचे वाटेल. बड्या लोकांचा खेळ, त्यांच्या याद्या, आपल्याला काय त्याचे? मलाही प्रथम असेच वाटले होते. पण पाचवे कारण ऐकल्यावर माझे मत बदलले. ते कारण पाण्याचे. ‘राखले कसे’ या निकषाला गुण देताना परीक्षकाच्या डोळ्यांपुढे गर्द हिरवा गालिचा असतो. उन्हाळ्यात गवत पिवळे पडू देणारे, जितके पाणी आहे तितक्यात भागवणारे मैदान गबाळे ठरते. म्हणजे काटकसर करणाऱ्याचे गुण कापायचे आणि उधळपट्टी करणाऱ्याला नंबर द्यायचा! आणि यादीत जे वर, त्याचीच नक्कल नवे मैदान बांधणारा करतो.

आमच्या बांद्यावरून वाहणारी तेरेखोल नदी पुढे समुद्राला मिळते. मुखाशी, नदीच्या आमच्या बाजूच्या काठावर, गोव्याचे तेरेखोल हे लहानसे गाव आहे. तिथे गोल्फ मैदानासह मोठे रिसॉर्ट उभारण्याचा बेत निघाला. काजूच्या बागांचा आणि कुळांच्या जमिनींचा प्रश्न उभा राहिला, गावकरी विरोधात उतरले, प्रकरण न्यायालयांपर्यंत गेले. आता पलीकडे मोपाला विमानतळ झाला आहे. २०२३ च्या जानेवारीपासून तिथून विमाने सुटू लागली. उद्या कोणी आमच्या सड्यांकडे ‘पडीक जमीन’ म्हणून पाहू लागले, तर आश्चर्य वाटू नये. सडा पडीक नसतो. पावसाळ्यात त्यावर फुलांचा सडा पडतो, गुरे चरतात, आणि कुडोपीसारख्या ठिकाणी त्याच जांभ्या दगडावर पुरातन माणसाने कोरलेली चित्रे आहेत. चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने विहिरीच्या तळाकडे डोळे, असा आमचा संसार. तिथे बाराही महिने हिरवा गालिचा राखायचा, तर पाणी कोणाच्या विहिरीचे?

मी गोल्फच्या विरोधात नाही. उलट या खेळातच त्याचे उत्तर आहे, म्हणून तर हा लेख. डॉर्नॉक गावात जन्मलेला डॉनल्ड रॉस अमेरिकेत गेला आणि त्याने पाइनहर्स्ट येथे एक नामांकित मैदान रचले. पुढच्या काळात तेही गर्द हिरवे करण्यात आले होते. २०१० च्या सुमारास मालकांनी धाडस केले. सुमारे पस्तीस एकर लावलेले गवत काढले, वाळू आणि रानगवत परत आणले, पाणी पुष्कळच कमी केले. २०१४ मध्ये तिथे अमेरिकेची खुली स्पर्धा झाली, तेव्हा कडेला तपकिरी पडलेले मैदान पाहून कित्येकांनी नाके मुरडली. पण रॉसने रचले होते ते असेच, वाळूतले. आणि डॉर्नॉकच्याही उत्तरेला ब्रोरा म्हणून एक गाव आहे. पाच वेळा ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकणाऱ्या जेम्स ब्रेडने तिथले मैदान आखले. त्या मैदानावर वर्षानुवर्षे मेंढ्या आणि गुरे चरत असत. होलाभोवतीच्या हिरवळीला तेवढे विजेचे बारीक कुंपण घातलेले असे. बाकीचे गवत मेंढ्या आपल्या दातांनी नीट राखत.

एक गोष्ट मात्र भाच्याला मी स्पष्ट सांगितली. नंबर न आलेला प्रत्येक मुलगा काही लपलेले रत्न नसतो, आणि पहिला आलेला प्रत्येक जण घोकंपट्टीवाला नसतो. यादीतली बरीच मैदाने खरोखरच उत्तम असतील. यादी फाडून टाकण्याचे कारण नाही. ती हातात आली, म्हणजे फक्त तीन प्रश्न विचारावेत. पाहायला कोण गेले होते? त्यांनी काय मोजले? आणि जे मोजले नाही, त्याची किंमत कोणी भरली? मैदानाची यादी असो, शाळा-कॉलेजांची असो, की आपल्याच घरातल्या मुलांच्या टक्क्यांची, हे तीन प्रश्न सगळीकडे चालतात.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी काकीला ब्रोराच्या मेंढ्यांची हकीकत सांगितली. तिने हातातली वात समईत ठेवली, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मगे तां बरां. तेचो नंबर कितवो?”

भाच्याने मोबाइल उघडला, आपली यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत चाळली आणि म्हणाला, “आजी, या यादीत मेंढ्यांना गुणच नाहीत.”