नाव झाकले, चव बोलली

वाचकहो, पेटीवरचे गाव वाचून आंब्याचा भाव ठरतो, हे आपण नेहमी पाहतो. पण गाव झाकून नुसती फोड चाखली तर?

द्राक्षांच्या वाइनची अशीच परीक्षा पॅरिसमध्ये 24 मे 1976 रोजी झाली. स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने ती भरवली. परीक्षक फ्रान्सचे नामांकित जाणकार. नावे झाकलेल्या 10 लाल वाइन समोर मांडल्या. 4 फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या, 6 अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या. पहिली आली कॅलिफोर्नियातली ‘स्टॅग्ज लीप’, 1973 सालची. तिचा मळा लावला होता 1970 मध्ये. वेली अवघ्या तीन वर्षांच्या!

फ्रान्सची बाजू घेणारे म्हणू लागले, की बोर्दोची वाइन मुरल्यावरच खरी कळते. यात तथ्य होते. लाल वाइन सालीसकट आंबवतात. सालींचा नि बियांचा तुरटपणा बाटलीत वर्षानुवर्षे मवाळ होत जातो. मात्र प्रत्येक वाइन मुरून सुधारतेच असे नाही. बऱ्याचशा लवकर पिण्याच्याच असतात.

मग 24 मे 2006 रोजी त्याच लाल वाइन लंडन आणि कॅलिफोर्नियातील नापा येथे पुन्हा चाखल्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या ठरल्या! पूर्वी पाचवी आलेली 1971 ची ‘रिज माँटे बेलो’ आता पहिली आली.

तेव्हा बंधू-भगिनींनो, मळा नवा, गाव अनोळखी म्हणून मन खट्टू करू नका. माल चोख ठेवा. नाव मागाहून येते.