विश्लेषण : ५० कोटी प्रकाशवर्षांवरचे संकेत खोडदच्या दुर्बिणीने कसे टिपले?

मार्कंड्याची जत्रा महाशिवरात्रीला भरणार, हे गडचिरोली-चंद्रपुरात कोणाला विचारावे लागत नाही. पण कोणत्या तासाला किती भाविक वैनगंगेच्या काठी पोहोचतील, हे कोणी सांगू शकत नाही. सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका रेडिओ स्रोताचेही असेच आहे. त्याच्या सक्रियतेचे दिवस ठरलेले. पण त्या दिवसांत तो किती वेळा ‘बोलेल’, हे अनिश्चित. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीने त्याचा हा लहरीपणा मोजला आहे.

हे संकेत नेमके काय आहेत?

शास्त्रज्ञ त्यांना ‘फास्ट रेडिओ बर्स्ट’ किंवा एफआरबी म्हणतात. दूरच्या दीर्घिकेतून येणारा, काही मिलिसेकंद टिकणारा रेडिओ लहरींचा हा स्फोट. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने २००१मध्ये नोंदवलेला असा पहिला स्फोट जुन्या माहितीतून २००७मध्ये उजेडात आला. बहुतेक स्रोत एकदाच दिसतात आणि गप्प होतात. मात्र २०१२मध्ये प्रथम दिसलेला एक स्रोत पुन्हा पुन्हा स्फोट करतो, हे २०१६मध्ये जाहीर झाले. स्फोटानंतरही स्रोत शिल्लक राहतो, म्हणजे तो ताऱ्याचा अंत नव्हे, हे त्यातून कळले. शिवाय पुन्हा येणाऱ्या स्रोताकडे दुर्बीण आधीच वळवून ठेवता येते.

१६ दिवसांचे वेळापत्रक काय आहे?

कॅनडातील ‘चाइम’ दुर्बिणीने २०१८मध्ये शोधलेल्या एफआरबी १८०९१६ या स्रोतात २०२०मध्ये वेळापत्रक सापडले. त्याची सक्रियता दर १६.३५ दिवसांनी परतते. ‘चाइम’ला त्याचे स्फोट त्यातील सुमारे पाच दिवसांतच दिसतात; उरलेले दिवस शांतता.

जीएमआरटीने काय पाहिले?

खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. पुण्याच्या एनसीआरए संस्थेचे विश्वेश राम मार्थी आणि सहकाऱ्यांनी लागोपाठच्या तीन चक्रांत, सक्रियता शिगेला असताना, प्रत्येकी सुमारे दोन तास निरीक्षण केले. पहिल्या वेळी एकही स्फोट नाही. दुसऱ्या वेळी १२. तिसऱ्या वेळी तीन.

यातला शून्यही महत्त्वाचा आहे. दुर्बीण योग्य वेळी योग्य जागी रोखलेली होती, तरीही स्रोत गप्प होता. म्हणजे वेळापत्रक ‘कधी’ एवढेच सांगते, ‘किती’ ते सांगत नाही. एकदाच पाहून थांबले असते, तर निष्कर्ष चुकला असता.

संकेत पृथ्वीवरचा नाही, हे कसे ओळखतात?

अवकाशातील विरळ वायूतील इलेक्ट्रॉनमुळे कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. जीएमआरटीने वापरलेल्या ५५० ते ७५० मेगाहर्ट्झ पट्ट्यात या स्रोताच्या स्फोटाची वरची टोके आधी आणि खालची टोके सुमारे दोन सेकंदांनी पोहोचतात. जवळच्या मोबाइल टॉवरच्या लहरींना असा उशीर होत नाही.

तरी फसगत होऊ शकते. पार्क्सला अनेक वर्षे चकवणारे काही संकेत वेधशाळेतील मायक्रोवेव्ह ओव्हनचे असल्याचे २०१५मध्ये उघड झाले. ओव्हन बंद होण्याआधीच दार उघडले की ते उमटत. म्हणून आकाशातील जागा ठरवणे आवश्यक असते. खोडदच्या १५पैकी दोन स्फोट इतके ठळक होते की त्यांची प्रतिमाच मिळाली आणि जागा एक आर्कसेकंदाहूनही अचूक ठरली.

स्रोत कोणता असावा?

संशय आहे मॅग्नेटारवर, म्हणजे अतितीव्र चुंबकीय क्षेत्र असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यावर. २८ एप्रिल २०२० रोजी आपल्याच आकाशगंगेतील एका मॅग्नेटारने असा स्फोट केला, तेव्हा संशय बळावला. जीएमआरटीला दिसलेल्या क्षीण स्फोटांची ऊर्जा त्याच्या साधारण दहापटच आहे. म्हणजे घरचा आणि दूरचा स्रोत यांच्यातील दरी वाटते तेवढी मोठी नाही.

पण कोडे सुटलेले नाही. मराठी खगोलशास्त्रज्ञ श्रीहर्ष तेंडुलकर यांच्या नेतृत्वाखालील पथकाने हबल दुर्बिणीने या स्रोताचा परिसर तपासला. नव्या ताऱ्यांचा सर्वांत जवळचा जन्मप्रदेश तिथून सुमारे ८०० प्रकाशवर्षे दूर निघाला. स्रोत तिथून निघाला असेल, तर एवढे अंतर कापायला ८ लाख ते ७० लाख वर्षे लागतील. सक्रिय मॅग्नेटारचे वय मात्र जास्तीत जास्त काही हजार वर्षांचे मानले जाते. मग एवढ्या वयाचा तारा अजून धगधगतो कसा? कदाचित त्याला जोडीदार तारा असावा आणि १६ दिवस हा त्यांच्या फेरीचा काळ असावा. किंवा एकटाच तारा भोवऱ्यासारखा डोलत असावा. त्यातच कमी वारंवारतेचे स्फोट प्रत्येक चक्रात सुमारे तीन दिवस उशिरा येतात, असे युरोपातील दुर्बिणींना आढळले. कोणत्याही उत्तराला या उशिराचाही हिशेब द्यावा लागेल.

पुढे काय?

वेगवेगळ्या वारंवारतांवर, चक्रामागून चक्र, मोजत राहणे. त्यासाठी खोडदचे आकाश रेडिओ गोंगाटापासून शांत राहायला हवे. दोन तास कान लावूनही काहीच ऐकू आले नाही, तर गप्प स्रोत होता की आपल्याच मोबाइलच्या गोंगाटात तो बुडाला, हे सांगता आले पाहिजे.