सूर्यालगतचा धूमकेतू आणि नेमावरचा घाट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ पोचतो त्या दिवशी तो सर्वांत चांगला दिसणार, असा समज सर्रास आढळतो. त्या सुमारास त्याचं तेज बहुधा कमाल असतं, हे खरं. पण दिसण्याचा हिशेब वेगळा आहे. नर्मदा परिक्रमेला जाणाऱ्या मराठी माणसांना नदीचं नाभिस्थान म्हणून ठाऊक असलेल्या, देवास जिल्ह्यातल्या नेमावरवरून तो मांडून पाहू. गाव उत्तर तीरावर, समोर हंडिया, नदी साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी. अक्षांश सुमारे साडेबावीस. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्य मावळल्यावर पंचवीसेक मिनिटांत क्षितिजाखाली ६ अंश जातो. धूमकेतू सूर्याच्या बरोबर वर १५ अंशांवर असेल, तर त्या क्षणी तो ९ अंश उंच असेल, म्हणजे हात ताठ पुढे धरून वळलेल्या मुठीपेक्षा थोडा खालीच. तिथून मावळायला त्याला चाळीसेक मिनिटं लागतात. हेच अंतर ५ अंश असेल, तर पुरेसा अंधार पडण्याआधीच तो मावळलेला असतो. मध्यरात्री तर तो सूर्यासोबत पृथ्वीआड असतो. म्हणून गच्च काळोखाची वाट पाहणंही व्यर्थ.

यावर कोणी म्हणेल की १८८२ चा महाधूमकेतू आणि १९६५ चा इकेया-सेकी हे तर भर दिवसा, सूर्याशेजारी, नुसत्या डोळ्यांनी दिसले होते. दिसले होते, हे खरंच. पण असे धूमकेतू फार विरळा, आणि तेही सूर्यबिंब एखाद्या आडोशामागे दडवून पाहायचे. ग्रहणाचा चष्मा इथे कामाचा नाही. तो लाखात जेमतेम तीन भाग प्रकाश आत सोडतो. त्यातून सूर्य दिसतो, धूमकेतू पार नाहीसा होतो. दुर्बीण तर घातकच, कारण नजर किंचित सरकली आणि सूर्य भिंगात आला, तर डोळा कायमचा जाऊ शकतो. आडोशाची हीच युक्ती डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेलं सोहो यान अवकाशातून वापरतं. त्याच्या कॅमेऱ्यापुढची चकती सूर्यबिंब झाकते. त्याच्या छायाचित्रांत मार्च २०२४ पर्यंत ५००० धूमकेतू सापडले, आणि त्यांतले बहुतेक घरबसल्या ती चित्रं तपासणाऱ्या हौशी लोकांनी शोधले.

तिसरा समज असा, की सूर्याजवळ गेलेला धूमकेतू हमखास दिमाखदार होऊन बाहेर पडतो. २०१३ मध्ये आयसॉनबद्दल वर्षभर मोठ्या आशा होत्या; २८ नोव्हेंबरला तो सूर्यपृष्ठापासून सुमारे १२ लाख किलोमीटरवरून गेला आणि विखरून संपला. ऑक्टोबर २०२४ मधला अ‍ॅटलास तर सूर्याला वळसा घालण्याआधीच फुटला. उलट डिसेंबर २०११ मध्ये लव्हजॉय सूर्यपृष्ठापासून अवघ्या दीड लाख किलोमीटरच्या आतून गेला, तरी बाहेर आला. बर्फ, धूळ आणि दगडांचा तो गोळा किती मोठा आणि किती घट्ट, यावर सारं ठरतं, आणि ते आधी नेमकं कळत नाही. शिवाय लव्हजॉयचा सोहळा दक्षिण गोलार्धाच्या वाट्याला आला. म्हणून भाकीत ऐकताना ‘किती तेजस्वी’ याबरोबर ‘आपल्या गावातून, किती वाजता, किती उंचीवर’ हेही विचारायला हवं.

मग घाटावर उभ्या राहणाऱ्याच्या हाती काय उरतं? पुष्कळ काही. पहाटेच्या स्नानाची वेळ आणि संध्याकाळच्या आरतीनंतरची वेळ, याच या पाहुण्याच्या वेळा. दुर्बीण संध्याकाळी सूर्य पूर्ण मावळल्यावरच उचलावी, आणि पहाटे तो उगवण्याआधीच पेटीत ठेवावी. शेपूट प्रवासाच्या मागे लोंबते, हा शेवटचा गैरसमजही इथेच फिटतो. सूर्याचा प्रकाश आणि सौरवारा तिला सूर्याच्या उलट दिशेला लोटतात. परतीच्या वाटेवर ती धूमकेतूच्या पुढे चालते. त्यामुळे सूर्यास्तानंतर ती क्षितिजापासून वर रोखलेली असते, आणि लांब असेल तर डोकं मावळल्यावरही काही वेळ मागे उरते. ठिपका दिसला नाही म्हणून लगेच घाट सोडू नये. नजर जरा वर न्यावी.